चिंचेनं घासलेला तांब्या

कांचघर मोहल्ल्यात माझं भांड्यांवर लेझरनं नावं घालायचं छोटं दुकान आहे. मशीन उघडं, म्हणून हिरवा चष्मा घातल्याशिवाय मी कोणाला आत घेत नाही. गिऱ्हाइकं हसतात. हसोत बापडी. हा किरण इन्फ्रारेड, डोळ्यांना दिसतच नाही, आणि मी त्याला पहिल्या दिवसापासून टरकून आहे.

गेल्या महिन्यात आई तांब्या घेऊन आली. नातीच्या लग्नात द्यायचा म्हणून तिनं तो चिंच-मीठ लावून असा घासला होता, की त्यात माझं तोंड दिसावं. काळवंडलेलं तांबं हा किरण बऱ्यापैकी शोषतं, तापतं आणि अक्षर उमटतं. लखलखीत तांबं मात्र तो जवळजवळ सगळा परत फेकतं. त्यात तांब्या गोल, म्हणजे कुठं फेकेल याचा नेम नाही. म्हणून मी नावाच्या जागी काळी शाई फासली आणि अक्षरं जुळवायला कॉम्प्युटरकडे वळलो. तेवढ्यात आईनं डाग समजून ती पदरानं पुसून टाकली.

ते न बघताच मी पेडल दाबलं. अक्षर उमटतानाची चरचर ऐकू येईना. मान वर केली तर आई तांब्यावर वाकलेली, हिरवा चष्मा हातात. पेडलवरचा पाय उचलला.

"बंद काहून केलं?" ती म्हणाली. "त्या चष्म्यातून काही दिसूनच नाही राहिलं."

"डोळ्यांत काही चमकलं?"

"काहीच नाही. चालू होतं का?"

त्याचीच तर भीती होती. चमकलं असतं तर पापणी तरी मिटली असती.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासला. आज तरी काही दिसत नाही, म्हणाले. पण नजरेत काळा डाग आला किंवा सरळ रेघ वाकडी दिसली तर लगेच आणा. ते 'आज तरी' माझ्या मानगुटीवर बसलंय. तांब्या दुकानात पडून पडून काळवंडला. आता तो किरण नीट शोषेल, पण माझा हात धजत नाही.

रोज सकाळी चहाच्या आधी मी आईचा एकेक डोळा झाकून तिला बोटं मोजायला लावतो. आज उजव्या डोळ्यासमोर बोटं धरली आणि ती गप्पच राहिली. नुसती बघत होती.

"आई, दिसून नाही राहिलं का?"

"दिसून राहिलं ना," ती म्हणाली. "हात किती कापून राहिला तुझा. आधी तो थांबव, मग मोजते."