मेबलथॉर्प सोडून

जुलै लागला की लेस्टरच्या कारखान्यांचे भोंगे पंधरा दिवस गप्प होत आणि अर्धं शहर सामान बांधून लिंकनशरच्या समुद्रावर जाई. गल्लीतले शेजारी तिथेही शेजारीच. जिच्याशी वर्षभर कुंपणावरून धुसफूस, तिच्याच खुर्चीला खुर्ची लावून वाळूत बसायची वेळ येई. आयव्ही फ्रीअर आणि तिचा नवरा विल्फ हेही जात. फरक एवढाच, की बाकीचे लोक वर्षानुवर्षं एकाच गावी, एकाच बोर्डिंग हाऊसात उतरत, आणि हे दोघं सारखं गाव बदलत.

"तुम्ही अख्खा किनारा विकत घ्यायचा विचार करताय का?" नेली ऑर्टन बसमध्ये विचारायची. नेली त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहायची आणि आयव्हीच्याच कारखान्यात मोज्यांचे पंजे शिवायची. "एकदाचं गाव पसंत करा बाई, म्हणजे आम्हालाही कळेल कुठलं बरं ते."

विल्फ हसण्यावारी नेई. हवापालट करायची तर हवा पालटायला नको का, म्हणे. नेलीला खरं कारण ठाऊक होतं. गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून तर कोणी ते तोंडावर काढत नसे.

त्यांची एकुलती एक मुलगी बेरिल. १९५७ साली, ऐन थंडीच्या तोंडावर, तिला दिवस गेल्याचं घरात कळलं. माणूस तिच्याच कारखान्यातला मुकादम, बायकापोरं असलेला. त्याची नोकरी शाबूत राहिली. बेरिल अठरा वर्षांची होती. विल्फ बुटांच्या कारखान्यात कातडी कापायचा, रविवारी चॅपेलात पुढच्या बाकावर बसायचा, आणि घरात त्याचा शब्द शेवटचा. त्याने एका रविवारी जेवणाआधी तिची सुटकेस स्वतः भरली आणि दाराबाहेर पायरीवर नेऊन ठेवली. तो ओरडला नाही. "या दारातून परत आत यायचं नाही," एवढंच म्हणाला. आयव्ही तेव्हा मोरीशी बटाटे सोलत उभी होती. हात ओले होते. बेरिलने जाताना तिच्याकडे एकदा वळून बघितलं. आयव्हीने हातातला बटाटा खाली ठेवला नाही.

हे शेवटचं तिने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही. नेलीलासुद्धा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नेलीची बहीण स्केगनेसहून परतली ती बातमी घेऊनच. बेरिल तिथे एका चहाच्या दुकानात ट्रे उचलताना दिसली होती. एकटी होती, कडेवर मूल नव्हतं, आणि चेहरा पार उतरला होता. आयव्हीने त्याच संध्याकाळी विषय काढला. रविवारी एका दिवसासाठी जाऊन येऊ, म्हणाली. विल्फने वर्तमानपत्र खाली केलं नाही. गरज असेल तर तिला पत्ता माहीत आहे, असं म्हणून त्याने पान उलटलं. हा पत्ता म्हणजे जिथे यायचं नाही म्हणून बजावलं होतं तोच, हे आयव्हीच्या ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं.

आणि मग वर्षभराने, जूनमध्ये, बुटाच्या नाड्या बांधता बांधता विल्फ आपणहून म्हणाला, "यंदा स्केगनेसला जाऊ."

कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. तिथे पोचल्यावर मात्र तो सकाळीच 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून निघायचा आणि एकेका चहाच्या दुकानात जाऊन बसायचा. एप्रन बांधलेली प्रत्येक पोरगी तो निरखून बघायचा. चहा तसाच राहायचा. ज्या दुकानात बेरिल दिसली होती तिथला मालक बदलला होता. मोसमाला आलेल्या मुली मोसम संपला की जातात, कुठे ते कोण विचारतं, असं नव्या मालकाने सांगितलं. आयव्हीची रीत वेगळी. ती पुढच्या दाराने जातच नसे. मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांपाशी कामवाल्या बायका सिगारेट ओढायला येत, त्यांना ती बेरिलचा फोटो दाखवी. त्या वर्षी काही हाती लागलं नाही. दुसऱ्या वर्षी इंगोलमेल्स आणि चॅपल सेंट लेनर्ड्स पालथं घातलं, तिथेही नाही.

तिसऱ्या वर्षी ते मेबलथॉर्पला गेले.

तो आठवडा पावसापाण्याचाच होता. वाऱ्याने वाळू गालाला टोचत होती, पोरांना वाळूत फिरवायची गाढवं भिंतीच्या आडोशाला अंग चोरून उभी होती, आणि लेस्टरची मंडळी कोट घालून खुर्च्यांत हट्टाने बसली होती. विल्फ सुट्टीकरूंच्या छावणीकडे, तिथल्या कामवाल्या पोरींत बघायला गेला. आयव्ही गावातल्या गल्लीत बोर्डिंग हाऊसांची मागची दारं ठोकत फिरली. एक दार मिसेस कपलडिच नावाच्या बाईने उघडलं. अंगाने भक्कम, कोपरापर्यंत पीठ माखलेलं. तिने फोटो हातात घेतला नाही, नुसती वाकून बघत राहिली.

"ही बेरिल," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

"तिची आई."

मिसेस कपलडिचने तिला आत घेतलं, खुर्ची दिली, पण स्वतः काही बसली नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. स्केगनेसचा मोसम संपल्यावर बेरिल तिच्याकडे स्वयंपाकघरात कामाला आली. कामाला चोख होती. भाज्या चिरताना गाणी म्हणायची, तीही बेसूर. मूल झालं होतं, मुलगी, ती लिंकनला कोणाला तरी देऊन टाकली. त्यापलीकडे त्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. त्याच हिवाळ्यात खोकला धरला. डॉक्टर नको म्हणत राहिली. मग एका सकाळी ती उठेना, तेव्हा गाडी बोलावून इस्पितळात नेली, आणि तीन दिवसांत खेळ आटोपला.

"मी विचारलं होतं तिला, कोणाला कळवू म्हणून," मिसेस कपलडिच म्हणाली. "माझं कोणी नाही, म्हणाली. मी तुम्हाला बोल लावत नाही, बाई. पण फार उशिरा आलात."

आयव्हीने हिशेब मांडला. मांडावा लागलाच नाही, तो समोरच होता. पहिल्यांदा स्केगनेसला दुकानं धुंडाळत होते तेव्हाच पोर मातीत होती. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, बातमी आली तेव्हा, मात्र ती जिवंत होती, ट्रे उचलत होती, आणि विल्फने वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं.

मिसेस कपलडिचने तिला चर्चमागे नेऊन जागा दाखवली. तिच्या नवऱ्याने स्वतः लाकडाचा क्रूस करून लावला होता. त्यावर आडनाव चुकलं होतं. आयव्ही तिथे किती वेळ उभी होती कोण जाणे. रडू आलं नाही. पायांतले मोजे भिजून गार झाले तेव्हा ती निघाली.

विल्फ समुद्रालगतच्या निवाऱ्यात वाट बघत बसला होता. त्याने दोघांसाठी कागदात बांधून मासा आणि बटाट्याच्या फोडी आणल्या होत्या, आणि तिच्या वाटच्या गार होऊ नयेत म्हणून पुडी कोटाच्या आत धरली होती. तिला बघताच त्याने ती बाहेर काढली.

"काही कळलं?" त्याने विचारलं.

सांगायचंच ठरवून ती आली होती. पण पुडी पुढे करणारा तो हात तिने बघितला, नखांत कातड्याचा काळा रंग बसलेला, आणि त्याच हाताने पायरीवर ठेवलेली सुटकेस तिला दिसली. "नाही," ती म्हणाली. "इथे कोणी ओळखत नाही तिला. पुढच्या वर्षी सटनला बघू."

शोधू दे थोडे दिवस, असं तिला वाटलं होतं. कळू दे त्याला, दारं ठोकत फिरणं काय असतं ते. घरी गेल्यावर सांगू, नाताळच्या आधी सांगू, असं म्हणता म्हणता पुढचा जुलै आला आणि विल्फने सटन-ऑन-सीची खोली ठरवली. जसजसे दिवस गेले तसतसं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता बेरिलच्या मरणाबरोबर आपलं गप्प बसणंही सांगावं लागणार होतं.

ती सहा वर्षं तशीच गेली. सटन, पुन्हा चॅपल सेंट लेनर्ड्स, पुन्हा स्केगनेस. मेबलथॉर्प सोडून सगळं. विल्फने त्या गावाचं नाव काढलं की आयव्हीला तिथला वारा सोसत नसे. सटनहून ते गाव बसने अगदी जवळ. ती बाजाराला जाते असं सांगून एकटीच जाई, फुलं ठेवी, आणि दुपारच्या जेवणाला परत येई. विल्फ दरम्यान बदलला होता. चॅपेलातला पुढचा बाक त्याने सोडला. बोलणं मवाळ झालं. छाती भरू लागली, चढावर धाप लागे, तरी समुद्रावर गेला की सकाळ-संध्याकाळ चालायचा. बेरिल आता केस कसे ठेवत असेल, जाड झाली असेल का, असं काहीबाही विचारायचा. आयव्ही उत्तरं द्यायची. आपल्या माहेरच्या बायका तिशीनंतर जाड होतात, असंही तिने एकदा सांगितलं. त्या रात्री तिला स्वतःची किळस आली, आणि तरीही दुसऱ्या दिवशी ती गप्पच राहिली.

शेवटी ते क्लीथॉर्प्सला, नेली दरसाल उतरायची त्या गावी, गेले. तिथे ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समुद्र दिसेनासा होतो, उरतो नुसता चिखल आणि त्यात हिंडणारी माणसं. चौथ्या दिवशी विल्फला लांबवर एक बाई दिसली, पाठमोरी, दहाएक वर्षांच्या मुलीचा हात धरून चाललेली. तो खुर्चीवरून उठला आणि बुटांसकट चिखलात धावत सुटला. आयव्हीने मागून हाक मारली. त्याने त्या बाईचा दंड धरला, ती वळली, घाबरून किंचाळली, आणि तिच्या नवऱ्याने येऊन विल्फला असा ढकलला की तो पाण्याच्या डबक्यात बसला. आजूबाजूला अर्ध्याहून जास्त लेस्टरचेच लोक. कोणी हसलं नाही. नेलीने मान फिरवली.

आयव्हीने त्याला उठवलं, धरून निवाऱ्यात आणून बसवलं. श्वास ठिकाणावर यायला बराच वेळ गेला. त्याच्या पाटलोणीतून चिखलाचं पाणी टपकत होतं.

"मागून अगदी तीच वाटली," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पुढच्या वर्षी मेबलथॉर्पलाच जाऊ. तिथे आपण नीट बघितलंच नव्हतं."

"मी बघितलं होतं," आयव्ही म्हणाली.

आणि तिने सगळं सांगितलं. मिसेस कपलडिच, खोकला, मुलगी, क्रूस. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"तेव्हापासून. आपण मेबलथॉर्पला होतो तेव्हापासून."

"मग इतकी वर्षं मी काय करत होतो?"

"शोधत होतास," ती म्हणाली. "तू शोधावंस असं मला वाटत होतं. आधी राग होता म्हणून. नंतर... नंतर मला सांगताच येईना, विल्फ."

त्याने रुमाल काढून बुटांवरचा चिखल पुसला, एक बूट, मग दुसरा. "ती मला भेटली असती तर काय बोलायचं, ते मी पाठ करून ठेवलं होतं," तो म्हणाला. काय, ते त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच बसने मेबलथॉर्पला गेला आणि दिवेलागणीला परत आला. जेवला. सुट्टी संपल्यावर घरी आले, तेव्हा त्याने आपली उशी उचलली आणि बेरिलच्या खोलीत झोपायला गेला. भांडण असं झालंच नाही. कोळसा तो आणी, रात्री दाराला कडी तो लावी, लोकांसमोर तिला नीट हाक मारी. घरात दोघंच असले की मात्र कामापुरतं बोले. ते पुन्हा समुद्रावर गेले नाहीत. जुलैत सगळी गल्ली रिकामी होई, भोंगे बंद, पोरांचा आवाज नाही, आणि ती दोघं दोन खोल्यांत एकमेकांच्या पावलांचे आवाज ऐकत बसत. एकदाच आयव्हीने धीर करून विचारलं, की पुढेमागे आपल्यालाही तिच्याजवळच पुरायला सांगू का? विल्फने मान हलवली. "नको. मी तिला दारात उभं केलं नाही. आता मी तिथे कोणत्या तोंडाने जाऊ?"

अशी पाच वर्षं गेली. मग छातीने त्याला पुरतं आडवं केलं आणि इस्पितळात न्यावं लागलं. आयव्ही रोज भेटीच्या वेळी जाई आणि पलंगाशी बसे. त्याचे डोळे बहुतेक मिटलेले असत. एका दुपारी नर्सने तिला बाजूला बोलावलं. तरुण पोर होती, नवीनच लागलेली.

"फ्रीअरकाका सांगत होते, त्यांची मुलगी समुद्रावर कामाला असते म्हणून," ती म्हणाली. "आता फार थांबून चालणार नाही. तिला बोलावून घ्यायचं का?"

आयव्हीने पलंगाकडे बघितलं. विल्फचा चेहरा भिंतीकडे होता. तो जागा आहे की झोपलाय, ते तिला कळेना.

"तिला यायला नाही जमायचं," ती म्हणाली. "ऐन मोसम चालू आहे."

बाहेर फेब्रुवारीचा बर्फ पडत होता. नर्सने खिडकीकडे बघितलं, मग आयव्हीकडे, आणि ती पुढच्या पलंगाकडे गेली. विल्फ दोन दिवसांनी गेला. माती झाल्यावर आलेल्या मंडळींसाठी नेलीने हॅमची सँडविचेस केली, आणि सगळे गेल्यावर कपबशा विसळायलाही तीच थांबली. उन्हाळ्यात आमच्याबरोबर चल, असं तिने आयव्हीला एकदा म्हणून बघितलं. आयव्हीने एक एक बशी पुसून कपाटात ठेवली आणि विचार करते म्हणाली.