ओठांचा रंग

सहाव्या वर्षी मला देवी आल्या आणि जाताना उजवा डोळा घेऊन गेल्या. डावा राहिला, पण त्यातूनही सगळं मलमलीच्या पडद्याआडून पाहिल्यासारखं दिसायचं. हे दुसरं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सासरनं परत पाठवलेली मी, बीडच्या जनाना दवाखान्यात सुईणपण शिकत होते. सनद मिळाली की हक्काची नोकरी होती, आणि तेवढ्यासाठी मी कितीही खोटं बोलले असते.

डॉक्टरीणबाईंना वाटायचं, हिचा एक डोळा गेलाय, दुसरा धड आहे. त्या थर्मामीटर वाचायला द्यायच्या, तेव्हा मी आधीच रोग्याच्या मानेला हात लावून ठेवलेला असे. काच डोळ्यापुढं धरून मी ऐटीत सांगायची, "एकशे दोन." बहुधा बरोबर यायचं. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. माझ्या मीच राखत होते, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

सनदेला महिना उरला असताना पालीच्या पाटलांकडून बैलगाडी आली. त्यांची सून अडली होती. डॉक्टरीणबाई गेवराईला गेल्या होत्या, म्हणून मी एकटीच निघाले.

भर दुपार, पण खोलीत अंधार. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडकीत चिंध्या कोंबलेल्या. मला त्याचं काही वाटलं नाही. माझं काम हातांचं होतं. तासाभरात मूल हातात आलं, पण रडलं नाही.

मी बोटानं त्याच्या तोंडातला चिकटा काढला, उलटं धरलं, पाठ चोळली. काही नाही. आता तोंडानं श्वास फुंकायचा आणि ओठ निळे आहेत तोवर थांबायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं. मी चिंध्या काढायला लावल्या. उजेड आला, तरी मला ओठ दिसेनात. हातात नुसता करडा गोळा.

बाळंतिणीची सासू, पाटलीणबाई, शेजारीच उकिडवी बसली होती.

"पाटलीणबाई, ओठ कसे हायत? निळे का लाल?"

"तुज्याच तर हातात हाय लेकरू. तुला दिसना का?"

त्या क्षणी मला लेकराआधी सनद आठवली. आजही त्याची लाज वाटते.

"न्हाई दिसत," मी म्हणाले. "लवकर सांगा."

"आंधळी धाडली व्हय आमाला?" ती कडाडली, पण वाकली. "निळे हायत."

मी फुंकलं. "आता?"

"निळेच."

पुन्हा फुंकलं. "आता?"

ती बोलेना. बाजेवरून सुनेनं विचारलं, "कावून रडना वो ते?" मी आणखी दोनदा फुंकलं.

"पाटलीणबाई, बोला ना."

"लाल व्हायलेत," ती म्हणाली, आणि मग लेकरू रडलं.

पालीचा निरोप पोचायच्या आत मीच डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, थर्मामीटरचंसुद्धा. मला शाबासकीची आशा होती. त्या म्हणाल्या, "सनद या वर्षी नाही. वर्षभर डोळस बाई सोबत असल्याशिवाय कुठल्याही बाळंतपणाला जायचं नाही."

मी भडकले. "लेकरू जगलं की, बाई."

"जगलं. आणि गेलं असतं, तर मला हे सांगायला आली असतीस?"

मी तोंड उघडलं, पण आणखी एक खोटं माझ्याच्यानं बोलवेना.

"नाही," मी म्हणाले.