विलासचा गुडघा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला अर्धंमुर्धं माहीत असावं — पण ती विचारत नाही आणि मीही विषय काढत नाही. तुम्हालाच का सांगतोय? खरंच कळत नाही.

विलास माझा मावसभाऊ, परभणीकडचा. कबड्डीत चढाईला गेला की दोघातिघांना बाद करूनच परतायचा. क्रिकेटमध्ये त्याच्या गोलंदाजीसमोर उभं राहायला भलेभले टाळाटाळ करायचे. आणि लांब उडी — ती तर त्याला कुणी शिकवलीच नव्हती. मीच त्याला सुरतेला बोलावलं. आमच्या कतारगामच्या सोसायटीचा कबड्डीचा संघ होता. खेळाडू सोसायटीत राहणारा हवा, नाहीतर राहणाऱ्याचा नातेवाईक, असा नियम. ‘माझा भाऊ आहे,’ असं मी छाती फुगवून सांगितलं. अंतिम सामना बघायला इच्छापोरच्या एका कारखान्याचे साहेब येणार होते. विलास त्यांच्या नजरेत भरला असता, तर त्यांच्या संघात जागा आणि कायमची नोकरी.

आता हेही सांगायला हवं — घर भाड्यानं मिळावं म्हणून मी इथं आडनाव वेगळंच सांगितलं होतं. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो कपाटाच्या आत असायचा. विलासला मी सगळं बजावलं होतं. पण आईशी बोलताना माणूस किती सांभाळणार?

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, सराव संपल्यावर, त्याला मावशीचा फोन आला. “जय भीम, आई!” तो मोठ्यानं म्हणाला. बस्स. पाण्याचा जग हातोहात फिरत होता, तो विलासपर्यंत आलाच नाही. थोड्या वेळापूर्वी हीच पोरं त्याच्या कमरेला मिठ्या मारून त्याला पाडत होती की!

संघ चालवणारे जयेशभाई माझ्याकडे वळले. “ए तारो सगो थाय?” हा तुझा नातेवाईक लागतो का, असं.

विलास तिथंच बसून पायाची माती झटकत होता.

“ना रे,” मी म्हणालो, “खाली गामनो छे.” नुसता गावचा आहे — आणि वर हसलो. हसलो कशाला?

नातेवाईक नाही, म्हणजे नियमात बसत नाही. सगळ्यांचंच काम सोपं झालं. विलासनं मान वर केली नाही. सकाळच्या गाडीनं तो गावी गेला.

कशाला घाबरलो मी? घर गेलं असतं? दुसरं मिळालं असतं. की त्या क्षणी तो मला खरंच परका वाटला? भीती होती असं म्हटलं की जरा बरं वाटतं — म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसत नाही. मला माझी लाज वाटते, एवढंच नक्की. बाकी काही उलगडत नाही.

गावी त्यानं सांगितलं, सुरतेत गुडघा दुखावला. पुन्हा तो कुठल्याच मैदानात उतरला नाही. मावशी अजून माझ्यासमोर हळहळते, पोराचा गुडघा गेला नसता तर कुठल्या कुठं पोचला असता. मी मान डोलावतो.

परवा एका लग्नात सगळ्यांच्या देखत मीच त्याला विचारलं, “गुडघा कसा आहे रे?”

“बरा आहे, दादा,” तो म्हणाला, आणि माझ्या पानात भात वाढून पुढं गेला.