बसलेलं कबूल

मॉरिशसला जायला भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही, ही बातमी कोल्हापूरच्या कसबा बावड्यात पहिल्यांदा पिराजी चौगल्यांनी आणली आणि बरेच दिवस ती त्यांनी एकट्यानेच वापरली. डंकावर चटणी कुटून न्यायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगत, "आमच्या हिला व्हिसाच लागत न्हाय." ऐकणाऱ्यांना हा तानाबाईंचा काहीतरी विशेष मान आहे असं वाटे. पिराजी तो समज दूर करत नसत.

तानाबाई या त्यांच्या पत्नी. मिरची-मसाला कुटायच्या यंत्राचा तो डंक त्यांचाच. मिरची, खोबरं, तीळ, धणे, लसूण घालून गल्लोगल्लीची वर्षाची चटणी त्या कुटून देतात. अख्ख्या गल्लीला शिंका येतात, त्यांना येत नाहीत. त्यांची एकुलती मुलगी क्रांती. जावई धैर्यशील आधी बिद्रीकडे कारखान्यात केमिस्ट होता, आता मॉरिशसच्या एका साखर कारखान्यात आहे. क्रांतीला दिवस गेले तेव्हा तिच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले होते आणि क्रांतीला डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हटलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. लेक येऊ शकत नाही, तर माहेरानेच विमानाने जावं असं ठरलं.

व्हिसा लागत नसला तरी पासपोर्ट लागतो, हे नंतर कळलं.

अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने विचारलं, "मावशी, केस हाय का तुमच्यावर कुठली?"

"न्हाय."

त्या खोटं बोलल्या नाहीत. भावाभावांत बांधावरून होते ती केस. मारामारीची होते ती केस. आंदोलनाची केस ही कोल्हापुरात केस नसते. ती सांगताना माणूस खुर्चीत जरा मागे टेकून बसतो.

आंदोलन काही वर्षांपूर्वीचं. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून शाळेपुढून सुसाट जात. एका मुलीचा पाय मोडला. गतिरोधकासाठी अर्ज केले, ते कुठेतरी गेले. मग गल्लीतल्या नऊ बायका रस्त्यावर बसल्या. तानाबाई पुढे, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून शेजारच्या चन्नम्मा. चन्नम्मांचं माहेर निपाणीकडचं. राग आला की त्या कानडीत जातात. पोलिसांनी उठा म्हटलं, बायका उठल्या नाहीत. त्यांना गाडीत घालून ठाण्यावर नेलं, चहा पाजला, संध्याकाळी सोडलं. आठवड्यात गतिरोधक झाला. खटलाही झाला, पण त्याला गतिरोधकाची गरजच पडली नाही.

पडताळणीला आलेले हवालदार ओट्यावर बसून कागद चाळत म्हणाले, "मावशी, तुमच्यावर गुन्हा दाखल हाय की."

"कसला?"

"रस्ता अडवल्याचा."

"ते व्हय. ते आंदोलन."

"आंदोलनच. कागदावर मात्र गुन्हा हाय."

पासपोर्ट अडकला. शिवाय माहिती का लपवली, याचा खुलासा मागणारं पत्र आलं.

विश्वजित खोत वकील हे क्रांतीच्या वर्गातले. त्यांनी खुलासा लिहून दिला आणि तानाबाईंना समोर बसवून समजावलं, "काकू, खटला चालू असेपर्यंत पासपोर्ट अडणार. कोर्टाची परवानगी मागता येते, मी अर्ज टाकतो. पण त्याच्यावर सरकारी वकिलांचं म्हणणं यायचं, म्हणजे तारखा आल्या. लवकर व्हायला पाहिजे तर गुन्हा कबूल करून टाका. किरकोळ दंड आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसायची शिक्षा. खटला संपला."

"बसल्याबद्दल बसायचीच शिक्षा?"

"हां."

"आणि गुन्हा केला म्हनलं की पासपोर्ट देत्यात?"

"एवढ्याशा शिक्षेला अडवत नाहीत."

"न्हाय केला म्हनलं तर?"

"तर निकाल लागेपर्यंत थांबायचं."

"ह्यो कायदा कुनी केला, त्यास्नी घरात कोन इचारत हुतं का न्हाय?"

खोत प्रामाणिक माणूस. त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. एकदा शिक्षा झाली की पुढे कुठल्याही देशाने विचारलं तर हो म्हणावं लागेल. व्हिसा नाही म्हणजे प्रश्न नाही, असं नसतं. व्हिसावाले घरी बसून विचारतात, बिनव्हिसावाले दारात विचारतात, आणि दारातून परत पाठवायचा त्यांना हक्क असतो.

"सरकार आंदोलनाच्या केसा मागं घेतंय म्हनत्यात," सोबत आलेले पिराजी म्हणाले.

"घेतं. पण त्याला कुठल्यातरी पक्षानं मागं लागावं लागतं. यांच्यामागं पक्ष नव्हता, नुसता रस्ता होता."

घरी पिराजींनी विषय सोपा करायचा प्रयत्न केला. "गुन्हा कबूल, म्हन की. दोन शब्द हायत. अंतरपाट धरल्याव कुठं एवढा इचार केलतास?"

"तवा केला असता तर आज हितं नसतो."

बातमी भिंतीपलीकडे गेलीच. चन्नम्मा दारात येऊन उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"यव्वा, तू गुन्हा केला म्हनालीस तर मी काय केलं? मांडीला मांडी लावून बसलोतो. तुझा गुन्हा आन माझं आंदोलन, असं हाय व्हय?"

"क्रांतीचं दिवस भरत आल्यात, चन्नम्मा."

"आल्यात की. मग जा की. मी काय तुझी वाट अडवलीया? मी ट्रॅक्टरची अडवलीती."

पुढचं त्या कानडीत बोलल्या. त्या वर्षी त्यांनी चटणी कुटायला मिरची दुसऱ्या डंकावर नेली, तीही तानाबाईंच्या दारावरून.

क्रांती रोज फोन करत असे. पाय सुजलेत, धैर्यशीलची रात्रपाळी असते, तू कधी येतीस. तानाबाई म्हणत, "येतो." शेवटी त्यांनी वकिलांना सांगितलं, "म्हनतो गुन्हा कबूल." डंकाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही, तिथे त्यांनी ते दोन शब्द म्हणूनही पाहिले. जमत होते.

तारखेला त्या इस्त्रीचं लुगडं नेसून गेल्या. न्यायाधीश बाई होत्या, वयाने क्रांतीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "समजला का?"

"समजला."

"कबूल आहे का?"

"बसलोतो की रस्त्यावर. बसल्यालं कबूल हाय."

"पोलिसांनी उठायला सांगितलं होतं?"

"सांगिटलंतं. न्हाय उठलो. तेबी कबूल."

"म्हणजे गुन्हा कबूल आहे?"

खोत वकिलांनी हळूच खाकरून पाहिलं.

"तुम्ही लिवा की काय लिवायचं ते," तानाबाई म्हणाल्या.

"मी माझ्या मनाने लिहू शकत नाही. तुम्ही स्वतःहून सांगायला हवं. तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"हाय की."

खोत वकिलांनी डोळे मिटले.

"कुणाचा?"

"लेकीचा. मॉरिशसला असती, दिवस भरल्यात. गुन्हा केला म्हनल्याबिगर पासपोर्ट देईनात. म्हनून म्हनायला आलोय."

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. "दबावाखालची कबुली मला घेता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि आरोपीला गुन्हा नाकबूल, असं लिहून घेतलं. मग त्यांनी कागदांच्या तळातला परवानगीचा अर्ज वर काढायला लावला आणि सरकारी वकिलांना विचारलं, की यावर आपलं म्हणणं अजून का आलेलं नाही. सरकारी वकील म्हणाले, हरकत काहीच नाही, फक्त लिहायचं राहिलंय.

ते लिहून झालं. परवानगी मिळाली: जामीनदार द्यायचा, ठरल्या तारखेच्या आत परत यायचं, पत्ता कळवायचा. पण परवानगी म्हणजे पासपोर्ट नव्हे. ती पासपोर्ट कार्यालयात गेली, तिथून पुन्हा पोलिसांकडे, तिथून पुन्हा वर. एका वर्षापुरता पासपोर्ट घरी आला तेव्हा क्रांतीला मुलगी होऊन बारसंही झालं होतं. बारसं तानाबाईंनी डंक बंद ठेवून फोनवर पाहिलं. पाळणा नीट दिसत नव्हता, कारण फोन धैर्यशीलने धरला होता.

कोर्टाचा हुकूम कायम जवळ ठेवा, असं वकिलांनी बजावलं होतं. तानाबाईंनी तो विमानतळावर सामान तपासणाऱ्याला दाखवला, विमानात पाणी देणाऱ्या मुलीला दाखवला, आणि मॉरिशसला उतरल्यावर खिडकीतल्या अधिकाऱ्याला दाखवला. त्याने तो मागितला नव्हता. तो फक्त परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता विचारत होता. हुकूम वाचून त्याने त्यांना बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं. तिथे एक वयस्क अधिकारी आला. त्याला हिंदी येत होतं.

"आपने क्या किया था?"

"रास्ते पे बैठी थी."

"क्यों?"

"ट्रॅक्टर जोर से जाते थे."

त्याने हुकूम उलटसुलट पाहिला, परतीची तारीख पाहिली आणि शिक्का मारला. बाहेर धैर्यशील इतका वेळ उभा होता, की त्याने आणलेल्या हाराची फुलं मलूल झाली होती.

दुसऱ्या दिवशी तानाबाई पाय पसरून, पायांवर नात घेऊन तिला तेल चोळत होत्या. क्रांती शेजारी बसून बघत होती.

"विश्वजितनं सांगितलं मला," ती म्हणाली. "तिथं एक शब्द सरळ बोलली असतीस, तर माझ्या कळा सुरू झाल्या तेव्हा इथं असतीस."

"व्हय. असतो."

"धैर्यशील कामावर होता. त्याला बोलावेपर्यंत सगळं झालं होतं. माझ्याजवळ कुणी नव्हतं, आई. नर्स काय बोलतीया ते पण कळत नव्हतं."

तानाबाईंचा हात थांबला. बाळ वळवळलं, तशी त्यांनी ते दोन्ही पायांच्या मध्ये नीट धरलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

क्रांतीने तेलाची वाटी उचलून बाजूला ठेवली.

"अंगुळीचं पानी आन," तानाबाई म्हणाल्या. "निवायच्या आत."