अर्थ नाही, गुण नाही

रविवार, १६ डिसेंबर १९५६, सकाळी दहा. जागा: लाकूड डेपोच्या मोठ्या बाबूंचा व्हरांडा. हजर: मोठे बाबू, त्यांच्या घरच्या बाई (दाराआड, कपबशा घेऊन), नवे आलेले साहेब, चौकीदार लालसूभाऊ, आणि मी, मुलींच्या शाळेची मास्तरीण, खेळाचे गुण लिहायला. गैरहजर: 'व्ही' या इंग्रजी अक्षराचे तुकडे. ते यंदा पावसाळ्यात उंदराने नेले.

हे टिपण माझ्या वहीत आहे. वह्या मी टाकत नाही.

मोठ्या बाबूंना इंग्रजीतले कोणाला न लागणारे सगळे शब्द येत. लागणारे मात्र येत नसत. होड्यांची आठ नावे ते एका दमात सांगत, पण रस्ता चुकलेल्या गोऱ्या पाहुण्याने मोटार कधी सुटते असे विचारले, तेव्हा हे त्याला हातानेच सूर्य दाखवत होते. कचेरीच्या पत्रांतही ते असले शब्द पेरत. एकदा वरून विचारणा आली की अमुक शब्दाचा अर्थ कळवावा. बाबूंनी उत्तर धाडले, की आपल्या कचेरीत डिक्शनरी असावी अशी नम्र अपेक्षा आहे. त्यांना बढती का मिळत नाही, यावर डेपोत अधूनमधून चर्चा होई.

बदलून गेलेल्या कोणा साहेबाने इंग्रजी अक्षरांचा एक खेळ मागे टाकला होता. चौकोनी तुकडे जुळवून शब्द करायचे, अवघड अक्षराला जास्त गुण. आधी हरवलेले तुकडे बाबूंनी सागवानाच्या छाटणीतून करून घेतले होते. डेपोतून शिक्क्याशिवाय ओंडका बाहेर जात नसे. तोच कायदा त्यांनी खेळाला लावला: शब्द मांडणाऱ्याने त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा, आणि तो लालसूभाऊंना पटला पाहिजे. लालसूभाऊ हेमलकशाकडचे, जंगलात वाढलेले. त्यांना इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते, आणि बाबूंच्या मते पंचाला हीच पात्रता लागते.

'क्वर्न' म्हणजे दळायचे जाते, हे दोन मिनिटांत पास झाले. 'ॲड्झ' म्हणजे सुताराचा लाकूड तासायचा वाकस, हेही झाले. "मंग तेच म्हणा ना बाबूजी," लालसूभाऊ म्हणाले, "येवढा फेरा काऊन घेता?" बाबूंनी तो शेराही आपल्या मोठ्या वहीत उतरवला. त्या वहीत असे हजारभर शब्द होते, प्रत्येकापुढे लालसूभाऊंनी पास केलेला अर्थ. असा कोश जगात दुसरा नाही, असे बाबू म्हणत. मागणीही नव्हती, हे मी म्हणत नसे.

कोश संपायला आणखी एक वर्ष हवे होते, आणि नोकरी मार्चमध्ये संपत होती. नोकरी गेली की क्वार्टर जाणार, लालसूभाऊंची साथ सुटणार आणि बाबू सिंदेवाहीला भावाच्या घरी, धानाच्या बांधावर. मुदतवाढीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. साहेबांना या खेळाचा भलता शौक होता, आणि हरण्याची सवय नव्हती.

शनिवारी बाई मला ऐकू जाईल अशा बेताने नवऱ्याला म्हणाल्या, "एक डाव हारले तं अंग झिजते काय? सायबाले जिंकू द्या."

"देतो ना," बाबू म्हणाले. "मी कुठी नाई म्हणून राह्यलो?"

आणि रविवारी खरोखरच ते हरत होते. इतके वाईट खेळत होते की मला गुण लिहायला लाज वाटत होती. शेवटी साहेबांनी तीन तुकडे दिमाखात मांडले: 'झॅक्स'. गुणच गुण.

"अर्थ, साहेब?" मी विचारले. मला गप्प बसता आले असते.

साहेबांना अर्थ ठाऊक नव्हता. शब्द डिक्शनरीत आहे एवढे ठाऊक होते. ते म्हणाले, "एक पक्षी आहे." जंगलखात्याचा माणूस लालसूभाऊंसमोर पक्षी शोधायला निघाला, इथेच गाडी रुतली.

"केवढा राह्यते?" लालसूभाऊंनी अगदी आदराने विचारले.

"असा, मध्यम."

"घरटं कुठी करते?"

"झाडावर."

"कोणत्या झाडावर, सायेब?"

साहेबांनी बाबूंकडे पाहिले. "मोठे बाबू, तुम्ही सांगा ना यांना. पक्षीच आहे ना?"

दाराआड कपबशी वाजली. नुसती मान हलवायची होती. बाबूंनी धोतराला हात पुसले.

"हत्यार आहे, साहेब. छपराच्या दगडी फरश्या तासायचं."

"हां," लालसूभाऊ खुलले. "आमच्या वाकसाचा भाऊच म्हणा. पास."

"पास नाई. अर्थ मी सांगितला, साहेबांनी नाई." मग माझ्याकडे न बघता, "अर्थ नाही, गुण नाही. लिहा बाई, शून्य."

मी लिहिले. अक्षर सुरेख आले आहे.

साहेब मोठ्या मनाने हसले, चहा घेतला, पोह्यांची तारीफ केली. आठ दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर एकच शब्द होता, आणि तो मुळीच दुर्मीळ नव्हता.

मार्चमध्ये सामान बैलगाडीत चढले. बाई मला म्हणाल्या, "शून्य तुमी लिवलं, अन् भोगून आमी राह्यलो." बाबूंनी मोठी वही माझ्या हातात दिली. "तुम्ही नीटनेटक्या आहात," एवढेच म्हणाले. सिंदेवाहीहून त्यांची चार पत्रे आली, पाचवे भावाचे.

वहीची स्वच्छ प्रत मी केली, पाने आखली, मागे सूची जोडली. अकरा शब्दांपुढची जागा रिकामी आहे. त्यांतला एक 'झीबेक', तीन डोलकाठ्यांचे जहाज. लालसूभाऊ आता आपल्या गावी असतात, पार थकलेत, पण पंच म्हणून कडकच असतील. जाऊन हे अकरा शब्द पास करून आणणे, हे काम माझ्या यादीत दर जानेवारीला पहिले असते. समुद्र मी दोनदा पाहून आले. पण एका जहाजाला तीन डोलकाठ्या कशाला लागतात, हे ते विचारणारच, आणि ते मला अजून नीट सांगता येत नाही.