शेवटी साहेब बोलतील

आमच्याकडे चिता पेटली की लोक लगेच घरी जात नाहीत. स्मशानातच लिंबाची सावली पाहून बसतात आणि शोकसभा सुरू होते. सूत्रसंचालन बहुधा एखादे निवृत्त गुरुजी करतात. सरपंच बोलतो, सोसायटीचा अध्यक्ष बोलतो, सोयऱ्यांपैकी कोणी बोलतं, आणि मग गुरुजी म्हणतात, "शेवटी साहेब बोलतील." तो साहेब मी. पंचायत समितीपासून आमदारकीपर्यंत, आणि आमदारकी गेल्यावरही, हे काम माझ्याकडून कोणी काढून घेतलं नाही. मला निवडणुकीत पाडणारेही मयतीला मात्र मलाच बोलावतात.

खरं सांगायचं तर मी थकलोय. गुडघे दुखतात, खाली बसलो की उठवायला माणूस लागतो. धुराने डोळ्यांत पाणी येतं, ते लोक माझा कळवळा समजतात. भाषण एकच. गेलेला माणूस मनमिळाऊ होता, कष्टाळू होता, गावाची कधी न भरून निघणारी हानी झाली, या कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे आणि खंबीरपणे पाठीशी उभा आहे. महागाव तालुक्यात एकदा मी अशा गृहस्थांना मनमिळाऊ म्हटलं, ज्यांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, अख्ख्या गावाशी वाकडं होतं. लोक मान खाली घालून बसले. कोणी हसलं नाही, एवढा मान अजून शिल्लक आहे.

मागच्या वर्षी माझा थोरला भाऊ गेला. कापूस, तूर, सोयाबीन, सगळं त्याने एकट्याने पाहिलं म्हणून मी मोकळा फिरलो. माझ्या पहिल्या निवडणुकीत ऐन वेचणीच्या दिवसांत मी आमच्याच शेतातले मजूर प्रचाराला नेले. तो आणि वहिनी दोघंच कापूस वेचत राहिले. निकालाच्या दिवशी गुलाल उधळत मिरवणूक घरी आली, तेव्हा तो बैलांना पाणी पाजत होता. मी मिठी मारायला गेलो तर म्हणाला, "माह्या आंगाले घाम हाय बे, तुह्ये कपडे खराब होतीन." आणि मी खरंच बाजूला झालो. आठवलं की अजूनही स्वतःचा राग येतो.

आमदार झाल्यापासून मी यवतमाळला राहतो. भाऊ गेल्याचा फोन तिथेच आला. आर्णीमार्गे गावाकडे जाताना गाडीत ठरवलं, आज ते भाषण नाही. आज एवढंच सांगायचं की मी जो काही झालो तो याच्या जिवावर झालो, आणि हे मी त्याला जिवंतपणी एकदाही म्हटलं नाही. सगळ्या गावासमोर सांगायचं. मनातल्या मनात चार वेळा म्हणूनही पाहिलं.

पुतण्याने अग्नी दिला. लोक बसले. गुरुजी म्हणाले, "शेवटी साहेब बोलतील." मी उठलो, हात मागे बांधले आणि तोंड आपोआप चालू झालं. मनमिळाऊ. कष्टाळू. न भरून निघणारी हानी. मी ते ऐकत होतो आणि मला थांबता येत नव्हतं. "या कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे," मी म्हणालो. माझ्या सख्ख्या भावाच्या चितेसमोर! मग दोन मिनिटं शांतता झाली. ती मीच घड्याळ पाहून संपवली.

वाटलं, कोणीतरी टोकेल. पण कुणाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. चपला घालताना एक जण तर म्हणाला, "साहेब, लई मनापासून बोल्ले तुमी." त्याला बिचाऱ्याला काय बोलायचं!

घरी वहिनी बायकांमध्ये ओसरीत बसल्या होत्या. स्मशानात जे राहून गेलं ते निदान यांना तरी सांगू, म्हणून मी जवळ गेलो. घरचे सगळे खाली सतरंजीवर होते. पुतण्याने माझ्यासाठी आतून खुर्ची आणली. वहिनींनी पदर सावरला.

"भाऊजी, तुमी आले, बरं वाटलं. तुमच्यामागं किती कामं असतेत."

हे वाक्य मी घराघरांत ऐकलंय. या घरात मात्र माझा जन्म झाला होता. मी काही बोलायच्या आत त्यांना दाराशी उभा असलेला माझा ड्रायव्हर दिसला.

"अजून कुठं जाचं असन तं जा," त्या म्हणाल्या. "तेरवीले जमलं तं या."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्यांचे पाय धरले असते. सुतक मलाही आहे वहिनी, एवढं तरी म्हणायचं होतं. मी हात जोडले आणि गाडीत जाऊन बसलो.