भाऊबीजेच्या गुट्या

माझी बायको गेली आणि तिच्या मागोमाग दारातला पेरू वाळला. लोक म्हणाले, झाडाला कळतं. झाडाला काही कळत नाही. त्याला मर लागली होती. शेंड्याकडनं पानं पिवळी पडत खाली आली आणि पावसाळा सरायच्या आत नुसतं लाकूड उरलं. मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं मला समजतं.

तो पेरू कुणी लावलेला नव्हता. लोणी भापकरला आमच्या घराच्या मोरीचं पाणी जिथं जिरतं तिथं तो आपोआप उगवला होता. शेळ्या तोंड लावतील म्हणून बायकोनं त्याला बाभळीच्या काटेरी फेसाटीचं कुंपण घातलं. माझ्या बापानं मेंढरं विकून शेती धरली होती, पण नात्यातले लोक अजून कळप घेऊन फिरायचे आणि आमच्या रानात मेंढरं बसवायचे. त्याची लेंडी ही पाटीनं आणून झाडाला घालायची. दुसरं खत नाही की फवारा नाही. पहिलं फळ कापलं तर आतनं लालभडक. बिया मोजक्या, साल पातळ, आणि एक फळ घरात ठेवलं तर वास ओसरीपर्यंत यायचा. आमच्या आसपासच्या गावांत तसा पेरू दुसरा नव्हता.

पेरूचं असं असतं, की बी लावून तसंच झाड येत नाही. भलतंच काहीतरी निघतं. तसाच पाहिजे तर फांदीला गुटी बांधावी लागते. फांदीची बांगडीएवढी साल काढायची, त्यावर ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरनं प्लॅस्टिकचा कागद आवळायचा. श्रावणात बांधली तर दिवाळीपर्यंत कागदातनं पांढऱ्या मुळ्या दिसतात. मग फांदी कापून लावायची.

पेरू ती गावभर वाटायची. शाळेची पोरं, दूधवाला, पोस्टमन, कुणी मोकळ्या हातानं गेला नाही. गुटी मात्र तिनं कुणाला दिली नाही. माझा सख्खा धाकटा भाऊ शेजारीच राहतो. त्यानं एकदा मागितली.

"वयनी, एक गुटी बांधू का? माझ्या परसात लावतो."

"भावजी, पेरू पाटीभर न्या. गुटी नगं. ती म्या माझ्या भावासाठी ठेवलीया."

"आन् मी कोण मग?"

"तुमी भावजी."

भावाला लागलं ते. पुढं कैक वर्षं तो आमच्याकडं दिवाळीच्या फराळाला आला नाही. मी बायकोची बाजू घेतली. म्हणालो, झाड तिचं, माहेर तिचं, तिनं काय करायचं ते करू दे.

तिचा भाऊ कळंबचा. कालव्याचं पाणी, काळी जमीन, पण नुसत्या उसात त्याचा जीव रमत नव्हता. फळबाग करायची म्हणायचा. नव्वदच्या आसपासची गोष्ट असेल. पंचमीला तो तिला न्यायला आला, तेव्हा दोघांनी मिळून झाडाला गुट्या बांधल्या. ती खाली उभी राहून सुतळी द्यायची, तो वर बसून आवळायचा. लहान पोरांसारखी दोघं हसत होती. भाऊबीजेला तो परत आला. तिनं ओवाळलं, त्यानं ताटात लुगडं टाकलं, आणि मग तिनं ओल्या पोत्यात गुंडाळून सगळ्या गुट्या त्याच्या हवाली केल्या. बाकीच्यांच्यात भाऊबीजेला भाऊ देतो आणि बहीण घेते. आमच्या दारात त्या दिवशी उलटं झालं.

जाताना तो म्हणाला, "आक्का, बागंला तुझंच नाव देतो बघ."

ती म्हणाली, "नाव नगं. पयला पेरू मला आणून दे."

पहिला पेरू त्यानं आणून दिला. ते मी नाकारत नाही. नाव द्यायचं मात्र राहिलं. ती विचारायची नाही आणि मी विचारलेलं तिला आवडायचं नाही. बाग भरात यायच्या आत ती आजारी पडली आणि तिचं माहेरी जाणं सुटलं. भावाची बाग तिनं कानानं ऐकली, डोळ्यानं बघितली नाही.

ती गेल्यावर आणि झाड वाळल्यावर मी कळंबला गेलो. मागायचं एवढंच होतं, तिच्या झाडाची एक फांदी. तिचं म्हणावं असं घरात दुसरं काही जिवंत नव्हतं. बारामतीत गाडी बदलली, कळंबला उतरलो. रस्त्याच्या कडेलाच त्यानं उसाच्या पाचटाचा मांडव घातला होता. बांबूच्या टोपल्यांतनं पेरू रचलेले, वर कडुलिंबाचा पाला, मधोमध एक पेरू कापून ठेवलेला, लाल बाजू रस्त्याकडं करून. पुण्याकडच्या मोटारी थांबत होत्या. पाटी होती: बिगर खताचे, बिगर औषधाचे लाल पेरू. पाटीवर त्याचं नाव होतं, गावाचं नाव होतं, पेरूचं चित्र होतं.

एका गिऱ्हाइकानं विचारलं, "ही जात कुठली हो?"

माझा मेहुणा म्हणाला, "लखनौची. लई खटपट करून आणली बगा."

मी तिथं चार हातांवर उभा. त्यानं मला बघितलं, आणि बघूनही वाक्य पुरं केलं. मी गिळलं. मागायला आलेल्या माणसानं तोंड उघडू नये. आणि मनाला म्हणालो, धंदा आहे, धंद्यात लोक बोलतात.

"या दाजी, बसा. च्या घ्या." त्यानं खोकं पुढं सरकवलं.

मी झाड वाळल्याचं सांगितलं. एक गुटी पाहिजे म्हणालो. त्यानं माझा हात धरला.

"एकच? तुमी मागायचं आसतं व्हय दाजी? आता बांदून ठेवतो. भाऊबीजंला मीच घिऊन येतो."

"तू कशाला येतोस. मी येतो."

"आक्का न्हाय म्हून रीत मोडायची का?"

भाऊबीजेला तो खरंच आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत हातभर रोप, मातीसकट. तिच्या फोटोपुढं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि रडला. मीही रडलो. मला वाटलं, लखनौचं ते तोंडातनं गेलं असेल, माणूस वाईट नाही. त्याला जेवायला घातलं. पुरणपोळी मला येत नाही, शेजारनं माझ्या भावाच्या बायकोनं आणून दिली. कैक वर्षांनी त्या घरातलं ताट आमच्याकडं आलं ते त्या रोपाच्या निमित्तानं.

जुन्या जागेला मर असते म्हणून रोप दुसऱ्या अंगाला लावलं. भाऊ येऊन बघून गेला. दुसऱ्या दिवशी लेंडीची पाटी आणून आळ्यात ओतली. उन्हाळ्यात मी पाणी घालायचो, माझं अंग दुखायला लागलं की तो घालायचा. एकदा आळं करता करता म्हणाला, "वयनीनं मला गुटी दिली न्हाय. आता तिच्याच झाडाला पानी घालतोय म्या."

"दुखतंय का अजून?"

"दुखतंय की. पर पेरू आल्यावर खानार."

दुसऱ्या दिवाळीनंतरच्या उन्हाळ्यात झाडाला कळी आली. फळं धरली ती भादव्यात भरली. आमच्यात सवाष्ण गेलेल्या बाईचं पित्र नवमीला घालतात. मी ठरवलं की त्या दिवशी तिच्या पानावर तिचा पेरू ठेवायचा. एक फळ फडक्यात बांधून झाडावरच राखलं, पाखरांनी खाऊ नये म्हणून. रोज जाऊन हातानं चाचपून यायचो.

नवमीला लेक आली होती, भाऊ होता, त्याची बायको होती. पान वाढलं. खीर, वडे, भाजी. मी पेरू काढून आणला. धुतला, पाटावर बसून विळीवर मधोमध कापला.

आतनं पांढरा.

मी दुसरी फोड केली, जणू दुसरीकडनं लाल निघणार होता. लेक म्हणाली, "आप्पा, कच्चा आसंल." भावानं फोड उचलली, खाल्ली, बियांचा चोथा बाहेर टाकला.

"ह्यो वयनीचा न्हाय, दादा. बाजारचा हाय."

मग तोच पुढं म्हणाला, हळू बोलायचं त्याला कधी जमलं नाही, "मला दिली आसती एक गुटी, तर आज भिंतीपल्याड आसता तिचा पेरू."

त्याच्यावर रागवायला मला तोंड नव्हतं. तिच्या पानावर खीर होती, वडे होते. पेरूची जागा रिकामी ठेवली.

दुसऱ्या दिवशी राहिलेली फोड रुमालात बांधून कळंबला गेलो. वाटेत मनात म्हणत होतो, चूक झाली असेल. रोपं बदलली असतील. गड्यानं भलतंच रोप हातात दिलं असेल. मांडवात मेहुणा एकटाच होता. रुमाल सोडून फोड तराजूच्या पारड्यात ठेवली. रात्रीतनं ती काळी पडली होती, पण पांढरी होती हे कळत होतं.

तो बघून म्हणाला, "आलं व्हय फळ."

त्या तीन शब्दांवरनं मला समजलं. चूक झालेला माणूस असं बोलत नाही.

"ठावं व्हतं तुला?"

"बसा दाजी."

"बसत न्हाय. ठावं व्हतं का न्हाय एवढं सांग."

तो टोपलीतले पेरू उगाच इकडचे तिकडं करत राहिला. मग म्हणाला, "नर्सरीचं व्हतं. चांगल्या जातीचं व्हतं. तुमाला काय कमी दिलं न्हाय म्या."

"मी चांगली जात मागितली व्हती का?"

"दाजी, तुमच्या दारात लावलं की गावानं गुट्या नेल्या आसत्या. तुमी कुनाला न्हाय म्हनला नसता. आक्का तशीच व्हती. मागंल त्याला द्यायची. मग माझ्या मांडवात गाडी कोन थांबवनार?"

मला राग आला तो या शब्दांवर. पांढऱ्या पेरूवर इतका आला नव्हता.

"मागंल त्याला? माझ्या सख्ख्या भावाला न्हाय दिली तिनं. तुझ्यासाठी ठेवली म्हनून. त्यो माझ्या दाराला यायचा बंद झाला. आन् तू म्हनतोस मागंल त्याला."

हे त्याला माहीत नव्हतं. तोंडावरनं दिसलं. ती भावाला असलं सांगणारी नव्हती. त्यानं वाकून एक टोपली उचलली, सगळ्यात मोठे लाल पेरू वरती घातले आणि माझ्यापुढं धरली.

"ही न्या. आक्काच्या पानावर ठेवा."

"काल व्हतं पान."

"मग घरात ठेवा. दर साली देत जाईन. मागायचं काम न्हाय."

"आन् गुटी?"

तो टोपली तशीच धरून उभा होता. बहिणीची आण घालून विचारलं असतं तरी तो देणार नव्हता, हे मला त्याच्या हाताकडं बघूनच कळलं. फळं दर साल देईल, फांदी देणार नाही.

मी टोपली घेतली नाही. रस्त्यावर आलो तर मोटारीतनं उतरलेली एक बाई मांडवाकडं येत होती. मला म्हणाली, "बाबा, चांगले आहेत का हो हे पेरू?"

"चांगलं हायेत. माझ्या बायकोचं हायेत."

"म्हणजे बाग तुमची?"

"न्हाय," मी म्हणालो. मेहुण्याला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणालो. "झाड तिचं व्हतं. लोणी भापकरला. मोरीच्या पान्यावर."

बाईला काही समजलं नाही. ती मांडवात गेली. आत तिनं जात विचारली का आणि त्यानं काय सांगितलं, ते ऐकायला मी थांबलो नाही.

पांढरा पेरू दारात आहे. फळ बरं येतं. कुणी गुटी मागितली तर मी देतो, आणि देताना सांगतो की हा नर्सरीचा आहे, तिचा नाही. माझ्या भावाला विचारलं होतं, तुला पाहिजे का. तो म्हणाला, ह्याची कशाला.